'अशक्य'चा रकाना

कारखान्यात त्याला सगळे 'हो-नाही' म्हणूनच हाक मारत. मशीनच्या कंट्रोलचे तक्ते तोच आखायचा: वर अटी, खाली मशीनने काय करायचं ते, आणि प्रत्येक रकान्यात हो किंवा नाही. बायकोने "चहा टाकू?" म्हटलं तरी हा विचारायचा, "दूध आहे? गॅस आहे?" ती माउली म्हणे, "लग्नाआधी एवढी चौकशी केली असती तर दोघंही सुटलो असतो!"

पत्रा कापायच्या प्रेसचा तक्ताही त्याचाच. दोन हातांनी दोन बटणं दाबली तरच पातं खाली यायचं, म्हणजे पात्याखाली हात नको. एका रकान्यात प्रश्न होता: मागच्या वेळेपासून एक बटण सुटलंच नसेल तर? पठ्ठ्याने ऐटीत लिहिलं, 'अशक्य'. पत्रा काढायला दोन्ही हात लागतात, बटण धरणार कोण? म्हणून तिथे मशीन थांबवायची जोडणीच केली नाही.

लाकडाची पाचर! डाव्या बटणात पाचर ठोकून सगळे भराभर काम उरकायचे. अख्ख्या खात्याला ठाऊक, फक्त तक्तेवाल्याला नाही. मशीनपाशी गेलं तर विजार मळेल ना!

त्याच प्रेसवर त्याचा धाकटा भाऊ होता. एका सकाळी त्याच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली. आठवड्याने चौकशी बसली. धाकटा म्हणाला, "पाचर होती, खोटं कशाला बोलू? पण पाचर असताना पातं पडायलाच नको होतं." तसं पडतं हे दिसलं तर दोष मशीनचा आणि नोकरी शाबूत. बाकीच्यांनी म्हणे पाचर जन्मात पाहिली नव्हती.

साहेब तीन वाजता मशीन तपासणार होते. जेवणाच्या सुट्टीत हो-नाही माझ्या स्टोअरमधून हातभर वायर आणि एक रिले, म्हणजे आपोआप चालणारा विजेचा खटका, घेऊन गेला. नव्या कागदावर 'अशक्य'च्या जागी 'थांबा' लिहिलं, पॅनलमध्ये तशी जोडणी केली. मी एरवी गावभर बोंबलणारा, त्या दिवशी गप्प.

तीनला साहेबांनी पाचर ठोकून उजवं बटण दाबलं. प्रेस ढिम्म.

"मशीन तर थांबतंय! मग तू आणखी काय उद्योग केलास?"

धाकटा थोरल्याकडे बघत राहिला. "दादा, तू सांग ना."

"तक्त्यात आहे तसंच चालतं," दादा म्हणाला.

संध्याकाळी धाकट्याला कामावरून काढलं. पुढे दादाला बढती मिळाली. मग एकदा तो धाकट्याला म्हणाला, "दुसऱ्या कारखान्यात चिठ्ठी देतो. माझा शब्द चालतो तिथे."

"इथेही चालला असता, दादा."