पितळेचा पाच

माझ्या काकांना मोटार चालवता येत नव्हती, मोटारीतलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि मोटारीने जावं असं ठिकाणही त्यांना महाडात नव्हतं. तांदळाचं दुकान घरापासून हाकेच्या अंतरावर. तरी त्यांनी मोटार घेतली. मोटारीसाठी कसली घेतात, पाटीसाठी घेतली!

घाटावरच्या एका संस्थानातल्या कुणा मानकऱ्याने जुनी झाली म्हणून काढून टाकलेली ती गाडी. चढ आला की खोकायची. पण तिच्या नंबराच्या पाटीवर एकच आकडा होता, पाच. त्या एवढ्याशा संस्थानात गाड्या असून असून असणार किती? पण काकांच्या हिशेबी पाच म्हणजे राजापासून पाचवा माणूस. आपल्या जिल्ह्यातले नंबर कसे, तर तांदळाच्या पोत्यावर टाकल्यासारखे लांबलचक, असं ते तोंड वाकडं करून सांगायचे. म्हणून रंगवलेला पाच खरवडून त्यांनी तांबटाकडून पितळेचा पाच घडवून बसवला. ड्रायव्हर रोज सकाळी गाडी पुसायचा नंतर, आधी चिंच लावून पाच घासायचा. दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ, आणि हळदकुंकू त्या आकड्याला. आम्ही बायका ओवाळायला उभ्या! मला तेव्हाही हसू यायचं आणि किळसही.

खरं तर संस्थानातली गाडी आपल्या इंग्रजी मुलखात आणली की इथल्या पोलिसांकडे ती नोंदवून इथला नंबर घ्यायचा, असा नियम होता. त्यासाठी अलिबागला एक फेरी मारायची, बस्स. पण नोंदवली तर पाच जाणार, म्हणून काका नोंदवायला तयार नव्हते. महाडचे फौजदार आमच्या ओटीवर येऊन सुपारी कातरत आणि पाटीकडे पाठ करून बसत. त्यामुळे गाडी महाड ते पोलादपूर आणि फार तर नाते गावापर्यंत फिरायची. रस्त्यातले कुणबी बाजूला होऊन वाकून रामराम घालायचे. त्यांना वाटे, आत संस्थानचं कुणी बसलंय. काकाही हळूच मान हलवायचे. तांदूळ विकणारा माणूस, पण मान हलवताना बघावं!

वडील गेल्यापासून आई आणि मी त्यांच्याच घरात होतो. ताईला पोलादपुरात दिली होती. ती दुसऱ्या खेपेची. वैशाखातल्या एका सकाळी तिचा दीर सायकल हाणत आला, घामाने निथळत होता. म्हणाला, "सुईण म्हणते, पोर आडवं हाय, माझ्या हातचं काम नाय, वर न्या." वर म्हणजे महाबळेश्वरला. महाडात त्या कामाचा डॉक्टर नव्हता, पण हंगामात वर मडम डॉक्टरीण असायची. भाड्याची मोटार पहाटेच घाट चढून गेलेली, ती दुसऱ्या दिवशी परतायची.

आई तशीच ओल्या हाताने ओटीवर आली. कधी दिरासमोर मान वर न करणारी बाई, पण त्या दिवशी सरळ म्हणाली, "भावोजी, गाडी द्या."

"देईन हो वहिनी, मी का नाही म्हणतोय?" काका म्हणाले. "पण गव्हर्नर वर आहे. घाटमाथ्यावर प्रत्येक पाटी तपासतात. गाडी अडकवतील, नंबर काढून घेतील. असा नंबर पुन्हा जन्मात मिळायचा नाही."

"मग पाटी इथेच काढून ठेवा. नुसती गाडी द्या."

काका दचकले. "बिनपाटीची? आणि लोक काय म्हणतील?"

आईने पाय धरले त्यांचे. मी दारात उभी राहून बघत होते. संतापाने माझे कान तापले होते. काकांनी पाय मागे घेतले आणि मोठ्या उदारपणे सांगितलं, "डोली करा. भोई मी देतो, चांगले निवडून देतो." ड्रायव्हर खाली मान घालून पाच घासत होता.

गाडीने आईला पोलादपुरापर्यंत मात्र पोचवलं. तिथवर पाचाला धोका नव्हता ना! तिथून ताई डोलीत, आणि आई डोलीचा दांडा धरून चालत. आंबेनळी घाट अर्धासुद्धा चढला नव्हता. ताईने पाणी मागितलं, दोन घोट घेतले आणि तिथेच संपली. पोर पोटातच गेलं. भोयांनी डोली फिरवली.

पावसाळ्याआधी महाडला नवे फौजदार आले. हे सुपारी खात नव्हते. त्यांनी काकांना निरोप धाडला, गाडी नोंदवा, नाहीतर जप्त करतो. ड्रायव्हर गाडी घेऊन अलिबागला गेला आणि इथला लांबलचक नंबर लावून परत आला. झालं! एवढंच होतं ते. कुणी अडवलं नाही, कुणी दंड केला नाही, फेरी मारली आणि काम झालं.

पण आमच्या ओटीवर सुतक! पेठेतले व्यापारी एकेक करून भेटायला येऊ लागले. "वाईट झालं शेठ," म्हणत होते. ताईच्या वेळी यातले निम्मे फिरकले नव्हते. काका भिंतीला टेकून बसलेले, डोळे ओले. खोटे नव्हते हो, खरंच रडत होते.

आई पाणी घेऊन बाहेर आली. ताई गेल्यापासून ती काकांशी एक शब्द बोलली नव्हती. काकांनी मांडीवरचा पितळेचा पाच उचलून तिच्यापुढे धरला. "वहिनी, हा देवघरात ठेवा. गेला हो आपला नंबर."

आईने तांब्या खाली ठेवला. अंगणातल्या गाडीकडे एकदा बघितलं.

"भावोजी," ती म्हणाली, "आता घाट चढेल ना ती?"

आई आत निघून गेली आणि पाच काकांच्या हातातच राहिला.