दोनावरून तीनावर

नातीचे ओठ जांभळट दिसले तेव्हा मी आधी निळ्या पडद्याला दोष दिला. तिला अंगणात उन्हात नेलं, तर नखंही तशीच. दीड महिन्याचं पोर, ना ताप ना खोकला. मुलगा दौऱ्यावर, सून रडायला लागलेली. मी गाडी काढली आणि आमच्या कानोता गावापासून जयपूरच्या इस्पितळापर्यंत वाटेत आडव्या आलेल्या प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याचा उद्धार केला.

तिथे ऑक्सिजन लावला तरी रंग हलेना. नर्सने मला दोनदा बसायला सांगितलं. बसवतंय कुणाला? शेवटी तरुण डॉक्टरने तिच्या रक्ताचा थेंब पांढऱ्या कागदावर टाकून दाखवला. चॉकलेटी. हवेत ठेवूनही लाल होईना. मॅडमजी, रक्तातल्या लोहाचं ऑक्सिडेशन झालंय, असं तो मला समजावू लागला.

मला! तीस वर्षं कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवलं. ऑक्सिजन येऊन चिकटला की झालं ऑक्सिडेशन, असं लिहिणाऱ्यांचे गुण निर्दयपणे कापले. अरे बाबांनो, इलेक्ट्रॉन गेला का ते बघा! रक्तातलं लोह 'दोन' या अवस्थेत असतं. ऑक्सिजन त्याच्यावर बसतो, हवा तिथे उतरतो, लोह पुन्हा दोनच. पण त्याने एक इलेक्ट्रॉन गमावला की ते 'तीन' होतं, आणि मग ऑक्सिजनला वाहून नेत नाही. फळ्यावर हे लिहिताना मला कधी घाम फुटला नव्हता.

डॉक्टरने विचारलं, डब्याचं दूध कशात कालवता? सून म्हणाली, घरच्या बोअरच्या पाण्यात. तो मान हलवत म्हणाला की अशा पाण्यात नायट्रेट फार असू शकतं. तान्ह्याच्या पोटात त्याचं नायट्राइट होतं, आणि तेच लोहाचा इलेक्ट्रॉन ओढून घेतं.

मग लोहाला गेलेला इलेक्ट्रॉन परत मिळवून देणारं मेथिलीन ब्लूचं इंजेक्शन. हेच निळं औषध सांडून प्रयोगशाळेत पोरांनी हात रंगवले की मी खेकसायची. आता त्याच्या नावाने देवाला हात जोडले. तासाभरात ओठ गुलाबी व्हायला लागले. बाळाला माझ्या मांडीवर दिलं तेव्हा मी चारचौघांत हमसून रडले.

सून शेजारी येऊन बसली. घरी तिने बाजारातल्या बाटलीचं पाणी आणू या म्हणून किती वेळा विचारलं होतं! मी म्हटलं होतं, आजकालच्या पोरींची थेरं. माझ्या आईने मला, मी माझ्या मुलाला वावडिंग घालून निम्मं आटवलेलंच पाणी दिलं; कुणाचं काय बिघडलं? रोज सकाळी मीच पातेलं चढवायची, आणि तेच पाणी दुधात जायचं.

"पण आई," ती म्हणाली, "आपण तर पाणी इतकं उकळत होतो. मतलब, त्याने ते कमी होतं ना?"

काहीतरी पुटपुटून वेळ मारून नेता आली असती. तिचा माझ्यावर पूर्ण विश्वास होता.

"नाही गं," मी म्हटलं. "नायट्रेट वाफेबरोबर जात नाही. मी पाणी निम्मं केलं, त्यातलं त्याचं प्रमाण दुप्पट झालं. मला हे ठाऊक असायला हवं होतं."

तिने माझ्या मांडीवरून बाळ उचललं आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसली.