गुलाबी पाणी

बीट धुताना मोरीत गुलाबी पाणी वाहतं आणि मला कोरपन्याकडचं ते अंगण दिसतं. मी बियाणे निरीक्षक होतो. पेरणीसाठी विषारी औषध चोळलेल्या गुलाबी ज्वारीचा नमुना घ्यायला गेलो, तर पिशवी रिकामी.

"उरलेली ज्वारी तीन पाण्यानं धुतली, साहेब," घरची बाई म्हणाली. "रंग पुरा गेला. ते पाणी कोंबड्याइले ठेवलं. बसा, भाकर खाऊन जा."

तव्यावरची भाकर पांढरीशुभ्र होती, वासही गोड. आज त्या माणसाला, म्हणजे मलाच, हलवावंसं वाटतं. तेव्हा मी पिशवीवरचा नंबर उतरवत होतो.

"भरदुपारी कोंबड्या काऊन निजून राह्यल्या?" जेवता जेवता तिच्या नवऱ्यानं विचारलं.

मी वर पाहिलं. त्याच्या ताटात अर्धीच भाकर उरली होती.