ओढ्यातलं निर्माल्य

९ मार्च, रविवार. सकाळी पाण्याच्या बाटल्या भरताना शेजारच्या काकूंना बजावलं होतं, "डोंगरावर नेलेलं सगळं परत आणायचं, संत्र्याची सालंसुद्धा." त्या हो म्हणाल्या. आमच्या चँडलर शहरापासून तासाभरावरचा हा वाळवंटी डोंगर वन्यप्राण्यांसाठी राखीव आहे. तिथल्या कोरड्या ओढ्यात उतरताच काकूंनी पर्समधून पिशवी काढली आणि सत्यनारायणाचे हार वाळूत ओतले.

"काकू, हे काय?"

"अगं, निर्माल्य कचऱ्यात टाकू का? पाण्यातच सोडायचं असतं."

"पाणी कुठाय इथे?"

"येईल की पावसाळ्यात."

"तोवर हे नायलॉनचे दोरे हरणं गिळतील. देवाला चालेल ते?"

"फार बोलतेस हं तू," म्हणत त्या पुढे निघाल्या.

मी संतापाने एकेक पाकळी नि दोरा वेचला. देवाच्या नावाने दुसऱ्याच्या घरात घाण करायची आणि वर रुसायचं!

१० मार्च, सोमवार. सकाळी मी परसातल्या लिंबोणीखाली खड्डा खणून फुलं पुरली, दोरे कचऱ्यात टाकले आणि काकूंना फोन केला, "यापुढे निर्माल्य माझ्याकडे द्या. डोंगरात नेलंत, तर मी तुम्हाला गाडीत घेणार नाही."