नकाशात नसलेलं पार्टिशन

आमच्या लालबागच्या चाळीच्या जागी टॉवर व्हायचं ठरलं. मोजणीच्या नकाशात जेवढ्या खोल्या, तेवढीच नवी घरं, असं कमिटीने सांगितलं. आमची खोली सासऱ्यांची, एकच. पूर्वी गिरण्यांचा संप लांबला, आमचे नवरे, दोघे भाऊ, घरी बसले, रोज कशावरून तरी वाजायला लागलं. तेव्हा मधे प्लायवूडचं पार्टिशन घालून थोरल्या जाऊबाईंनी आणि मी चुली वेगळ्या केल्या. दार एकच ठेवलं. आत शिरलं की डावीकडे त्या, उजवीकडे आम्ही. आता दोघींचे नवरे नाहीत, पार्टिशन आहे.

नकाशा कमिटीला सीडीवर मिळाला, पण तो कोणाच्याच कॉम्प्युटरवर उघडेना. नकाशांची वेगळी फाइल असते, दादरला प्लॅन काढणाऱ्यांकडे न्या, ते साधा फोटो करून देतील, असं नाक्यावरच्या सायबर कॅफेवाल्याने सांगितलं. सगळ्यांना आपापली कामं. सीडी आम्ही दोघींनी नेली.

पहिला फोटो घेऊन घरी आलो तर त्यात वरळीच्या समुद्रापासून वडाळ्यापर्यंत सगळं होतं आणि आमची चाळ तांदळाच्या दाण्याएवढी. चष्मा लावून, भिंग धरून पाहिलं. काही कळेना. पुन्हा दादरचा जिना चढलो. माझे गुडघे तेव्हाच बोलत होते.

"फोटो मोठा केला की फुटतो, काकू," दुकानदार म्हणाला. "मूळ फाइलीतून फक्त तुमची चाळ काढतो."

त्याने काढली. जिना दिसला, नळ दिसला, आमची खोली दिसली. मधे रेघ नव्हती.

"तुमच्या मशीनमध्ये गळली," जाऊबाई म्हणाल्या.

"होतं तसं. बारीक रेघा फोटोत जातात कधी कधी."

तेवढ्यावर मला धीर आला. त्याने मूळ फाइल पुन्हा उघडली आणि आमची खोली पडदाभर मोठी केली. आत पांढरं, रिकामं.

"इथे काही काढलेलंच नाही."

जाऊबाई खुर्चीत बसल्या. "गणपतीत आले होते गं ते मोजायला."

गणपती आमचा एकच, सासऱ्यांचा. त्याला अर्ध्या खोलीत कसं बसवायचं, म्हणून दर वर्षी गौरी-गणपती जाईपर्यंत पार्टिशन काढून गॅलरीत उभं करतो. मोजणीवाले आले, त्यांना दोघींनी मोदक वाढले, पाणी दिलं. त्यांनी टेप लावली आणि गेले. पार्टिशनचं सांगायचं कोणाच्या मनातही आलं नाही.

मी कधी परक्याशी बोलत नाही, पण तेव्हा बोलले. "भाऊ, तुम्हीच एक रेघ मारून द्या ना."

"फोटोत मारीन, काकू. ऑफिसात ते त्यांची फाइल बघणार."

"म्हणजे म्हातारपणी परत एका चुलीवर," जाऊबाई म्हणाल्या. "हिच्या आमटीला मीठ नसतं."

"तुमच्या तिखटाने माझं पोट जळायचं."

दुकानदार हसला. आम्हाला हसू आलं नाही. त्याने फोटो तसाच छापून दिला.

खाली आल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "उद्या मोजणी ऑफिसात साहेबापुढे मी बोलते. तू नुसती उभी राहा." मी हो म्हटलं. पण साहेब ऐकेल असं दोघींनाही वाटत नव्हतं. बाजारातून जाताना त्यांनी भाजी घेतली, नेहमीपेक्षा जास्त, आणि पिशवी माझ्या हातात दिली.