फुलाफुलांचा गाऊन

बाळांनो, भांडताना समोरच्याचं मनगट धरणारी बाई तुम्ही पाहिली आहे का? आमच्या वरच्या मजल्यावर एक होती. वसईची, हॉस्पिटलात नर्स. वाद सुरू झाला की ती समोरच्याचं मनगट दोन बोटांत पकडायची, घड्याळाकडे बघायची आणि म्हणायची, “पुढचं बोला.” ती खरोखर नाडी मोजायची की नुसता धाक घालायची, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं.

तिच्याबद्दल आत्ताच लिहायला कारण आहे. मागच्या वर्षी मामाने तुमच्या आईला फोन करून सांगितलं की आजीला हल्ली विसरायला होतं. तेव्हापासून तुम्ही दोघं मला फोनवर आज वार कोणता ते विचारता. प्रेमाने विचारता, म्हणून मी निमूट सांगते. पण आता ती नर्स आयर्लंडला गेली आहे आणि दुसरी एक मुलगी तिच्या गावी सुखरूप पोचली आहे, तेव्हा खरं सांगायला हरकत नाही. नर्सचं नाव मात्र लिहीत नाही. तसं तिला कबूल केलं आहे.

आमचं पटत नव्हतं. इथे आखातात, अल नस्रच्या या इमारतीत, ती बाल्कनीत सुके बोंबील टांगायची आणि जिन्यात चपला सोडायची. मी इमारतीच्या ऑफिसला लेखी तक्रार करायची, चांगल्या इंग्रजीत, मुद्द्यांना क्रमांक घालून. मी बावीस वर्षं शाळेत शिकवलं म्हणून ती मला ‘टीचर’ म्हणायची. त्यात आदर नव्हता.

महिन्यातल्या एका शुक्रवारी दुपारी मी चार-पाच मराठी घरांना सिनेमा बघायला बोलावते. इमारतीतली मराठी म्हणून तिलाही बोलवावं लागायचं. चहा, शंकरपाळी, आणि सिनेमा संपल्यावर प्रत्येकाने दोन वाक्यं बोलायची, असा माझा नियम. मागच्या वर्षी एका शुक्रवारचा सिनेमा युद्धातला होता. एका डोंगरी गावातली साधी माणसं एका ज्यू कुटुंबाला पिठाच्या गिरणीच्या माळ्यावर लपवतात. गिरणीवाल्याला मूलबाळ नसतं. एके दिवशी त्याच्या दोरीवर लहान मुलाचा सदरा वाळताना शेजारणीला दिसतो आणि ती जाऊन सैनिकांना सांगते. सगळे रडले, मीही रडले. त्या शेजारणीला आम्ही यथेच्छ शिव्या घातल्या. माझ्या दोन वाक्यांत मी म्हटलं की गिरणीवालीने सदरा घरातच वाळत घालायला हवा होता.

ती कोपऱ्यात बसून शंकरपाळी खात होती. थोडी तिने कागदी रुमालात बांधूनही घेतली, न विचारता. तिची पाळी आली तेव्हा तिने माझं मनगट धरलं.

“टीचर, ती शेजारीण करते काय? दुसऱ्याच्या दोरीवर बघते आणि वर कळवते. तुम्हीच की ती.”

मी दाराकडे बोट दाखवलं आणि ती उठून गेली. रुमाल घेऊन.

दोन दिवसांनी माझ्या वाळत घातलेल्या चादरीवर वरून पाणी ठिबकलं. मी तशीच टेबलाशी बसले आणि लिहिलं : रोज सकाळी दहा वाजता, भाडेकरू ड्यूटीवर असताना, वरच्या बाल्कनीतून ओल्या कपड्यांचं पाणी पडतं. वाक्य परत वाचून मला समाधान वाटलं. वेळ, जागा, तपशील, काही राहिलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी मॅनेजर आला. माझ्या तक्रारीसाठी इतक्या लवकर कधी कोणी आलं नव्हतं. त्याने हिंदीत विचारलं, भाडेकरू ड्यूटीवर असते तर कपडे वाळत कोण घालतं? जवळच्या एका घरातून नेपाळची कामवाली पळाली आहे, मालक इमारती-इमारतींत विचारत फिरतो आहे. वरचा फ्लॅट उघडून बघतो, तुम्ही साक्षीला चला.

आम्ही माझ्या बाल्कनीत उभे होतो. वर एक फुलाफुलांचा गाऊन लोंबत होता. नर्सला मी युनिफॉर्म आणि जीन्सशिवाय कशात पाहिलं नव्हतं. ती एकटी राहायची, तरी हल्ली तिच्या हातात खुब्जच्या रोट्यांची दोन पाकिटं असायची. दुपारी वर हळू पावलं वाजायची. आणि ती शंकरपाळी. जे मी लिहायला नको होतं, ते सुवाच्य अक्षरात लिहून दिलं होतं. ती मुलगी माझ्या डोक्यावर, एका छतापलीकडे होती.

“गाऊन माझा आहे,” मी म्हटलं.

माझ्या बाल्कनीत ऊन येत नाही, नर्सने चावी दिली आहे, मी वर जाऊन वाळत घालते, असं मी सांगितलं.

“मॅडम, मग पाणी तुमच्याच कपड्यांचं. आणि तक्रारही तुमचीच?”

“वय झालं. लक्षात राहिलं नाही.”

बाळांनो, हे वाक्य मला फार जड गेलं. तो माझ्याकडे दयेने बघू लागला, पण तरीही वर जाऊन बघतोच म्हणाला. मग मी सांगितलं की वर माझे आतले कपडेही टांगले आहेत, ते बघायचे असतील तर चला. “खलास, मॅडम, खलास,” म्हणत तो जिना उतरला आणि खालूनच त्याने मामाला फोन लावला.

मामाने मला डॉक्टरकडे नेलं. मी सगळी उत्तरं बरोबर दिली. डॉक्टर म्हणाले, असे चांगले दिवसही असतात. मामा सात कप्प्यांची गोळ्यांची डबी घेऊन आला. पळालेल्या कामवालीला लपवणं इथे गुन्हा, आणि घर त्याच्या नावावर होतं, त्याला काही माहीत नसणंच बरं, म्हणून मी गप्प राहिले.

मॅनेजर येऊन गेला त्याच संध्याकाळी नर्स दारात उभी राहिली. आत आली नाही.

“तक्रार तुमची होती?”

“हो.”

“मग खोटं कशाला बोललात?”

मी म्हटलं, कपडे आत वाळत घालावेत हे मी शुक्रवारीच सांगितलं होतं.

“मी ड्यूटीवर असते. तिला नुसतं बसवत नाही. हातावर इस्त्री टेकवलीय त्या घरच्यांनी तिच्या, तरी सगळं घर धुऊन काढते.”

पासपोर्ट मालकाकडे अडकला होता. वकिलातीतून नवे कागद मिळायला सहा दिवस लागणार होते. ते सहा दिवस गाऊन माझ्या बाल्कनीत होता, मॅनेजरला खालून दिसेल असा. मुलीला मी पाहिलं नाही. पाहिलं नाही म्हणजे विचारलं तर सांगताही येणार नाही, असं नर्सचं म्हणणं.

आमची मैत्री झाली नाही. तिने बोंबील टांगणं सोडलं नाही. मी तक्रारी लिहिणं सोडलं नाही. फक्त त्यात वेळ घालणं बंद केलं.

आयर्लंडला निघायच्या दिवशी ती बॅगा घेऊन खाली आली. माझं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत राहिली, चांगलं मिनिटभर. मी “पुढचं बोला”ची वाट बघत होते.

“बहात्तर,” ती म्हणाली आणि लिफ्टचं दार बंद झालं.

गाऊन माझ्या कपाटात आहे. मला तो खांद्यात होत नाही. आणि आज मंगळवार आहे.