उसाच्या कांडक्याएवढं गाणं

सुभेदारला तीन मिनिटांच्या वरचं गाणं सहन होत नसे. "गाणं म्हंजी उसाचं कांडकं, गड्या," तो म्हणायचा. "कडाकडा चावायचं, रस गिळायचा, चोथा टाकून द्यायचा. दिसभर चघळत बसायचं न्हाई." कॉलेजात एकदा शास्त्रीय गाण्याची बैठक झाली. आलाप संपायच्या आत हा गडी बाहेर जाऊन चहा पिऊन आला आणि माझ्या कानात विचारतो, "आजून सुरुवातच चाललीया व्हय?"

खरं तर सुभेदार त्याचे वडील. फौजेतून पेन्शनीत निघाले आणि रहिमतपूरजवळ ऊस लावून बसले. सांगलीच्या होस्टेलवर ते नाव पोराला चिकटलं ते चिकटलंच. पोरगा किडकिडीत, पण आवाज खणखणीत आणि गोड. रेडिओवर इंग्रजी गाणी लागली की कान लावून बसायचा. शब्द आम्हा कुणालाच कळत नसत. धडाधडा वाजणाऱ्या गिटारी आणि वर तिघाचौघांनी मिळून धरलेला तो गोड 'ओ ओ', एवढंच त्याला हवं होतं. "हे आपून मराठीत करायचं," एक दिवस त्याने जाहीर केलं, आणि आम्हाला कुणी विचारलंच नाही.

आम्ही तिघे. सुभेदार गाणार आणि गिटार वाजवणार, मी दुसरी गिटार, आणि ड्रमवर जतचा बिरू. बिरूच्या घरी पिढ्यान् पिढ्या मेंढरं आणि ढोल. त्यामुळे ड्रम त्याला बसून वाजवता येत नसे, उभाच राहायचा. आणि कधी काय वाजवायचं ते माझ्या पायाकडे बघून ठरवायचा, कारण मी पायाने ताल धरत असे. तिघांचे आवाज एकत्र लागले की मला स्वतःचाच हेवा वाटायचा. खोटं कशाला सांगू, तेवढं सुख पुढे कशातच लाभलं नाही.

सुटीत तालीम त्यांच्या विहिरीवर, मोटारीच्या खोलीत. तिथे वीज होती, आणि आमचा ॲम्प्लिफायर म्हणजे सुभेदारने जुन्या रेडिओतून जमवलेलं एक खोकं. मोटार घुमायला लागली की तो तिच्या घुमण्यावर गिटार लावायचा. "सूर फुकट मिळतोय, घ्या की," म्हणायचा. वीज कमी-जास्त झाली की आमचा सूरही घसरायचा. सांगलीत पहिल्यांदा वाजवायला बसलो तर जवळ मोटार नाही. आमच्या सुभेदारसाहेबांनी डोळे मिटून तोंडाने मोटारीसारखं 'हूंऽऽ' केलं आणि त्यावर गिटारी लावल्या. बिरू हसून हसून खाली बसला.

तिथेच, विहिरीवर भाकरी खाताना, थोरल्या सुभेदारांनी अट घातली. माझ्यासमोर घातली, म्हणून मला 'माहीत नव्हतं' म्हणायची सोय नाही. ते म्हणाले, "गणपतीत सांगलीला तुमचा कार्यक्रम हाय. मी येऊन बसतो. तुझं सोताचं एक गाणं लोकांनी शेवटपतूर ऐकलं, तर फौजेच्या भरतीचं नाव काढणार न्हाई. न्हाई ऐकलं, तर दिवाळीनंतर गप साताऱ्याला रांगेत हुबं ऱ्हायचं."

"चाललं, आण्णा," सुभेदार म्हणाला, आणि भाकरीचा तुकडा घेऊन पुढच्या गाण्याची चाल गुणगुणायला लागला.

गणपतीतल्या कार्यक्रमाच्या संध्याकाळी आण्णा पहिल्या रांगेत, फेटा बांधून, काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. सुभेदारने स्वतः रचलेलं, त्याचं सगळ्यात लाडकं गाणं काढलं. 'तुझी गाडी सुटली, माझी सायकल पंक्चर' अशी त्याची सुरुवात होती. पहिलं कडवं झालं. मंडळाचा सेक्रेटरी फर्माइशींच्या चिठ्ठ्या मूठभर घेऊन स्टेजच्या कडेला आला आणि मला खुणा करायला लागला. मागून एक शिट्टी वाजली. कुणीतरी ओरडलं, "शिनेमाचं म्हणा की."

मी घाबरलो. माझ्या हातांनी गाण्याच्या मध्यातच त्या वर्षीचं गाजलेलं सिनेमाचं गाणं धरलं. बिरूने नेहमीप्रमाणे माझा पाय बघितला आणि तोही तिकडे वळला. टाळ्यांचा कडकडाट झाला. सुभेदारचं तोंड तसंच उघडं राहिलं. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मग माईकजवळ जाऊन तेच सिनेमाचं गाणं खड्या आवाजात म्हणायला लागला. मला उघडं पाडायचं नाही म्हणून म्हणाला, दुसरं काय.

नंतर मी आण्णांकडे धावलो. "लोकांनी ऐकलं की, आण्णा."

"ऐकलं," आण्णा उठत म्हणाले. "पर ह्येचं न्हाई."

मंडळाच्या लोकांनी मला हार घातला. कार्यक्रम मी वाचवला म्हणे. सामान बांधताना बिरू हळूच म्हणाला, "शिट्टी मारणारा येकलाच हुता रं. बाकीची गप ऐकत हुती." मला त्याचा राग आला. अजूनही येतो, कारण मी मान वर करून लोकांकडे बघितलंसुद्धा नव्हतं.

दिवाळीनंतर सुभेदार भरती झाला. मी स्टँडवर गेलो होतो. माफी मागायची म्हणून गेलो आणि शेंगदाण्याची पुडी देऊन परत आलो. "लोकं खूश झाली न्हवं? मग झालं तर," एवढंच तो म्हणाला. एखादी शिवी हासडली असती तर बरं झालं असतं.

तीनचार वर्षांनी तो सुटीवर आला तेव्हा मी त्याच्या घरी गेलो. लग्न झालेलं, मांडीवर पोरगी. ती रडायला लागली तशी त्याने तिला नुसतं थोपटलं. वहिनी चहा घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "आवं भावजी, तुमी कालेजात गाणी म्हणायचा म्हणं. ह्यास्नी बी थोडं शिकवायचं हुतं की. पोरीपुढं येक ओळ म्हणत न्हाईत."

मी सुभेदारकडे बघितलं. तो पोरीचं टोपडं सारखं करत होता.

"गाणारा ह्योच," माझ्याकडे बोट दाखवून तो बायकोला म्हणाला. "मी आपला सामान उचलायला असायचो."

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. खरं काय ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी चहाचा घोट घेतला आणि म्हणालो, "व्हय वहिनी."